‘सत्तेत आल्यावर’ एवढे दोन शब्द गाळून पाठवा

प्रति,
राज्यातल्या आणि देशातल्या सर्व विरोधी पक्षांचे अध्यक्ष, सरचिटणीस आणि जाहीरनामा समित्यांचे सभासद

विषय : तुमच्या जाहीरनाम्याचं प्रूफ

स. न. वि. वि.

मी सोलापुरात एक लहानसा छापखाना चालवतो. वडिलांच्या वेळी ट्रेडल मशीन होतं, पायाने दाबायचं आणि हाताने कागद सारायचा. आता एक सिंगल कलर ऑफसेट आहे, दोन कॉम्प्युटर आहेत आणि पावसाळ्यात गळणारा तोच जुना पत्रा आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, चादरी-टॉवेलच्या गठ्ठ्यांवरची लेबलं, दुकानांच्या उद्घाटनाची हँडबिलं, येईल ते छापतो. निवडणूक आली की तुमचं काम येतं. सगळ्यांचंच येतं. पैसे देईल त्याचं छापायचं हा धंद्याचा नियम, आणि बुडवणाऱ्याचंही छापत आलो हा माझा भोळसटपणा. एका पक्षाची २०१९ सालची बाकी अजून वहीत उभी आहे. नाव घेत नाही. पत्र वाचताना तुमच्यातल्या दोघा-तिघांना तरी आपलीच बाकी असल्यासारखं वाटेल, तेवढं पुरे.

वसुलीसाठी मात्र हे पत्र नाही.

निवडणुकीचं काही छापायचं म्हटलं की लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-अ येतं. पत्रकाच्या तळाशी मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने आपली ओळख सांगणारं घोषणापत्र दोन प्रतींत सही करून द्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षी घ्यायच्या, आणि छापून झालं की घोषणापत्राची एक प्रत पत्रकासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे तुम्ही देशाला जो शब्द देता त्याच्या खाली नाव माझं असतं. तुमच्या बाजूने सहीला येतो तो वॉर्डातला एखादा पोरगा. आतलं पान त्याने उघडलेलं नसतं. “कुठं करायची सही, काका?” एवढं विचारतो आणि गाडी सुरूच ठेवून आलेला असतो.

मी वाचतो. प्रूफ तपासायचं तर काना-मात्रा-वेलांटीसकट वाचावंच लागतं. इतकी वर्षं तुमचे जाहीरनामे, वचननामे, शपथनामे, संकल्पपत्रं एवढ्या बारकाईने वाचणारा माणूस तुमच्या पक्षातही कोणी असेल असं मला वाटत नाही.

मागच्या खेपेला रात्री अकरा वाजता तुमच्यातल्याच एकाचं काम मशीनवर चढलं होतं. आमच्या मशीनमनने पहिला ताव उचलून दिव्याखाली धरला आणि मला हाक मारली, “मालक, हे मागच्याच बारीचं छापूलालो की ओ आपण!” त्याला वाटलं, चुकून जुनी प्लेट चढली. मी प्लेट काढून बघितली. नवीच होती.

मग मी तो ताव घेऊन बसलो. ‘आम्ही सत्तेत आल्यावर द्वेषाचं राजकारण थांबवू. सत्तेत आल्यावर समाजासमाजातली दरी बुजवू. सत्तेत आल्यावर लोकशाहीच्या संस्थांना त्यांचा मान परत देऊ.’ भाषा चांगली होती, हेतूही वाईट नसावा. ‘सत्तेत आल्यावर’ जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलीने रेघ मारायला लागलो आणि दुसऱ्या पानाशी कंटाळून सोडून दिलं. रस्ते, धरणं, पिकाला भाव यांना सत्ता लागते, कबूल. तिजोरीची किल्ली ज्याच्याकडे, देणारा तोच. पण दोन शेजाऱ्यांमधला अबोला सोडवायला कुठल्या खात्याचा जीआर लागतो, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

अबोला म्हणजे काय ते माझ्या दुकानात घडलेल्या एका प्रसंगातून सांगतो. दोनेक वर्षं झाली. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. कार्ड पसंत केलं, वर गणपती कुठला घ्यायचा ते ठरलं, ‘श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न’ ही ओळ लाल शाईत हवी म्हणाले. मी निमंत्रकांची आडनावं लिहून घेत होतो. तेवढ्यात त्यांची नजर आत मशीनकडे गेली. मशीनमन रॉकेलने रोलर धूत होता. शुक्रवार होता, नमाज पढून नुकताच आलेला, डोक्यावर टोपी तशीच. गृहस्थ जरा पुढे झुकून हळू आवाजात म्हणाले, “पत्रिका हाच छापणार का?”

मी म्हटलं, “तीस वर्षं हाच छापतोय. तुमच्या लग्नाचीही यानेच छापलेली असेल.”

ते हसले. ओशाळलेच होते. “नाही हो, तसं काही नाही. घरचे आजकाल जरा...” म्हणत त्यांनी नमुन्याचं कार्ड परत गठ्ठ्यात सरकवलं, उद्या येतो म्हणाले. आले नाहीत. मशीनमनने ऐकलं होतं. धुवून स्वच्छ झालेला रोलर त्याने पुन्हा एकदा धुतला. मी काही बोललो नाही, तोही नाही. आजपर्यंत आमच्यात तो विषय निघालेला नाही.

ते गृहस्थ वाईट नाहीत. संक्रांतीच्या गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, नंदीध्वजांच्या वाटेवर लोकांना पाणी देताना मी त्यांना कैक वर्षं बघितलं आहे. नंदीध्वजांच्या त्या सात काठ्यांमध्ये माळी समाजाचा मान आहे, विश्वब्राह्मण समाजाचा आहे, मातंग समाजाचा आहे. सगळ्या एकाच मिरवणुकीत एकाच वाटेने संमती कट्ट्यावर येतात आणि ‘सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम’ झालं की देवाच्या लग्नाच्या अक्षता एकाच वेळी पडतात. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत पत्रिका निघतात. एका घरात दोन भाषांतली पत्रिका हवी असते तेव्हा आमच्या डीटीपीवाल्या पोरीची तारांबळ उडते. अशा गावातल्या माणसाला ‘पत्रिका हाच छापणार का’ हा प्रश्न सुचला कसा? त्याच्या मोबाईलवर रोज सकाळी कोणी ना कोणी काही ना काही पाठवत असतं. पाठवणारे चिकाटीचे आहेत, सुट्टी घेत नाहीत. मला विचारायचंय ते एवढंच की तुमच्यापैकी कोणी त्याच्या दारात कधी गेलं का? मत मागायला नव्हे, चहाला.

तुम्ही म्हणाल, आम्ही पदयात्रा काढली. काढलीत, चांगलं केलंत, आम्ही टीव्हीवर बघितली. पण यात्रा पुढे सरकते आणि गाव आपल्या जागी राहतं.

आमच्याच जिल्ह्यातलं पंढरपूर घ्या. विठोबाच्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ सालच्या मे महिन्यात तिथे उपोषण केलं. उपोषण सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर गावोगाव फिरले, सेवादलाची पोरं बरोबर घेऊन, गाणी म्हणत, सभा घेत, आधी गावातली देवळं आणि विहिरी उघडा म्हणून विनवत. लोकांची मनं वळवण्याचं काम त्या फिरण्यात झालं, उपोषणाने दार उघडलं. गुरुजींच्या हाती तेव्हा कुठलं खातं होतं?

आणि १२ जानेवारीचं काय? मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० साली या गावावर इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला या चौघांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं वृत्तपत्र काढायचे, म्हणजे आमच्याच धंद्यातले. दरवर्षी त्या दिवशी तुमच्या प्रत्येकाच्या अभिवादनाचा बॅनर असतो. त्यावर चौघांचे फोटो सुपारीएवढे आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो पपईएवढे, हे मापसुद्धा तुम्हीच पाठवता.

आता एक चांगली गोष्ट सांगतो, कारण नुसती तक्रार करायला बसलेलो नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर आहे. विडी कामगार, यंत्रमागावरचे, शिलाईकाम करणारे, कचरा वेचणारे अशा असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत. मागे लागून ती मंजूर करून घेणारे मार्क्सवादी पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम. गावात त्यांना मास्तर म्हणतात. मंजुरी देणारं सरकार त्यांच्या कट्टर विरोधातल्या पक्षाचं. ९ जानेवारी २०१९ ला पायाभरणीला पंतप्रधान आले, आणि १९ जानेवारी २०२४ ला १५ हजार घरं द्यायलाही तेच आले. त्याआधीची गोष्ट याहून जुनी आहे. कुंभारीलाच गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली, तिथे २००६ साली मनमोहन सिंग आले होते. म्हणजे सरकारं बदलली, मागणारा बदलला नाही. आणि रे नगर मंजूर करून घेताना तर या माणसाकडे विधानसभेत जागाही नव्हती.

आणि त्याचं बक्षीस काय मिळालं? पायाभरणीच्या वेळी पंतप्रधानांचं कौतुक केलं म्हणून त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. मी मार्क्सवादी नाही आणि भाजपचाही नाही. पण ती बातमी वाचून मला हसावं की रडावं कळेना. घरं पाहिजेत, पण देणाऱ्याला बरं म्हणायचं नाही! विरोधकाच्या चांगल्या कामाला चांगलं म्हणता येत नसेल तर मग देश जोडण्याच्या गोष्टी तुम्ही कुणाशी करणार? जो आधीच तुमच्या बाजूला आहे त्याच्याशी?

आमच्याकडे पत्रिकांना घड्या घालायला एक मावशी येतात. पूर्वी विड्या वळायच्या, आता बोटं दुखतात म्हणून सोडलं. त्यांना तिथे घर मिळालंय. मी एकदा चेष्टेत विचारलं, “मावशी, घर दिलं कुणी? मास्तरनी की मोदींनी?” घडी घालायची न थांबता त्या म्हणाल्या, “मास्तरनी मागितलं, मोदींनी दिलं, आन् हप्ते मी भरूलालेय.”

तुमच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर छापण्यासारखं वाक्य आहे. वापरा. मावशींना विचारून सांगतो.

दुरावा मिटवायचा म्हणता तर आधी आपल्या अंगणातला कचरा काढावा लागेल. इथे मी जरा कडू बोलणार आहे. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवर श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. तेव्हाच्या शिवसेना-भाजप युती सरकारने तो फेटाळला. मग १९९९ पासून पंधरा वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचं राज्य आलं. तिने तो न फेटाळता कपाटात ठेवला. आज त्या युतीतली एक सेना आणि त्या आघाडीतले दोन्ही पक्ष एकाच व्यासपीठावर बसून सलोख्याचं बोलतात. बसा, आनंद आहे. पण त्या व्यासपीठावरून त्या अहवालाबद्दल तुम्ही दोघांनी मिळून एक तरी वाक्य बोलायला हवं होतं. आणीबाणी ही चूक होती, असं राहुल गांधी २०२१ साली म्हणाले. म्हणाले ते बरं झालं, पण जाहीरनाम्यात त्याला कधी ओळभर जागा मिळाली नाही. चूक कबूल करायला सत्ता लागत नाही, आणि सत्ता आल्यावर तर ती कोणी कबूल करतच नाही, हा आमचा अनुभव आहे.

तुमच्यातच एक माणूस आहे, आमच्या शेजारच्या कलबुर्गीचा. मल्लिकार्जुन खर्गे. १९४८ साली रझाकारांनी घर पेटवलं, त्यात त्यांची आई आणि बहीण गेली. वडील आणि ते तेवढे वाचले. ही गोष्ट बऱ्याच जणांना कळली ती त्यांच्या मुलाने सांगितली तेव्हा. एवढी मोठी जखम घेऊन माणूस पन्नासहून जास्त वर्षं राजकारण करतो आणि ती कधी विकायला काढत नाही, हे मला त्यांच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोठं वाटतं. हैदराबाद संस्थानाची हद्द आमच्या गावापासून हाकेवर होती. त्या दिवसांच्या आठवणी इकडे घराघरांत आहेत आणि त्या उकरून काढणारेही आहेत. त्यांना उत्तर द्यायला तुमच्याकडे असं माणूस असताना तुम्ही प्रवक्ते पाठवता.

लोकशाहीच्या नव्या पालवीबद्दल आता.

१९७७ साली मी अकरा वर्षांचा होतो. आणीबाणी उठायची होती, निवडणूक जाहीर झाली होती, आणि पत्रक छापायला छापखानेवाले घाबरत होते. वडिलांनी चक्रातल्या नांगरधारी शेतकऱ्याचा, म्हणजे जनता पक्ष ज्या चिन्हावर लढला त्याचा, ब्लॉक बनवून घेतला. जस्ताचा, लाकडावर ठोकलेला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. जनता पक्षाने तेव्हा भाकरीबरोबर स्वातंत्र्याचंही वचन दिलं होतं, आणि ते निम्मं तरी पाळलं. विनाचौकशी तुरुंगात डांबणारा मिसा कायदा रद्द केला. १९७८ साली ४४ वी घटनादुरुस्ती आणली. ‘अंतर्गत अशांतता’ म्हणून आणीबाणी लावायची सोय गेली, तिथे ‘सशस्त्र उठाव’ आला. मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागेल असं झालं. जगण्याचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं ठरलं. विरोधकांनी दिलेला शब्द कायद्यात उतरलेला मी तेवढा एकदा पाहिला. आणि त्याच माणसांनी आपसात भांडून सव्वादोन-अडीच वर्षांत सरकार पाडलं, तेही पाहिलं. वडील त्या ब्लॉककडे बघून म्हणायचे, ठसा चांगला होता, शाई टिकली नाही.

तुमची शाई टिकेल का, हे मला रोजच्या कामात दिसतं. कोरलड्रॉमध्ये उमेदवाराची फाईल असते. फोटो तोच, नाव तेच, ‘आपला माणूस’ तेच. दोन वर्षांनी तोच माणूस येतो, रंग बदलतो, चिन्ह बदलतं, वरच्या पुढाऱ्याचा फोटो बदलतो, आणि आम्ही ‘सेव्ह ॲज’ करतो. २०२२ आणि २०२३ साली राज्यात जे झालं त्याने तुमचे दोन पक्ष उभे चिरले गेले. अन्याय झाला असं म्हणता, मलाही तसंच वाटतं. पण तिकीटवाटपाच्या रात्री समोरच्या पक्षात डावललेला कोणी तुमच्या दारात आला की त्याला तुम्ही सकाळपर्यंत बी फॉर्म देता, आणि पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला तुमचा कार्यकर्ता माझ्या दुकानात येऊन त्याच माणसाचं पत्रक छापून नेतो. त्याचा चेहरा मी बघितलाय. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाच्या नावाने खडे फोडा, पण पक्षांतर करून आलेल्याला पाच वर्षं तिकीट देणार नाही असा ठराव करायला तुम्हाला कुणाची परवानगी पाहिजे?

शहराध्यक्ष कोण निवडतं, हेही सांगा जरा. काँग्रेसने २०२२ साली अध्यक्षपदासाठी खरीखुरी निवडणूक घेतली, मतं मोजली, ७,८९७ आणि १,०७२ असे आकडे जाहीर केले. छान वाटलं होतं. खाली गावापर्यंत ती हवा आलीच नाही. इथे अजून नियुक्तीपत्रं येतात आणि आम्ही अभिनंदनाचे फ्लेक्स करतो.

मारकडवाडीचं बोललंच पाहिजे, कारण आमच्याच जिल्ह्यातलं, माळशिरस तालुक्यातलं गाव. २०२४ च्या विधानसभेत माळशिरसची जागा तुमची आली, पण गावात मतं कमी पडली आणि गावाला ते पटेना. त्यांनी ३ डिसेंबरला स्वखर्चाने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, मतदान झालं नाही, गुन्हे मात्र दाखल झाले. मग तुमचे मोठमोठे नेते गावात आले. माझं मत विचाराल तर यंत्रात फेरफार झाल्याचा पुरावा कुणी समोर ठेवलेला नाही, आणि तरीही गावाला आपल्यापुरतं मोजून न बघू देणं चुकीचंच होतं. शंका दाबली की ती मुरते.

पण नेते आले आणि गेले, पुढे काय? मतदान संपलं की केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो, यंत्रात एकूण किती मतं पडली त्याचा हिशेब, आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी तोच कागद घेऊन ताळा करायचा असतो. किती केंद्रांवर तुमचा प्रतिनिधी शेवटपर्यंत बसला होता? आमच्या भागातल्या एका केंद्रावर तुमच्या एका पक्षाचा पोरगा दुपारी जेवायला गेला तो गेलाच. संध्याकाळी कागद घ्यायला कोणी नव्हतं. लोकशाही वाचवण्याचं एवढं साधं, बिनखर्चाचं काम दुसरं नसेल, आणि त्याला भाषण लागत नाही म्हणूनच बहुतेक ते मागे पडतं.

आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुकीला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. जवळजवळ चार वर्षं गावाला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. या चार वर्षांत तुम्ही निवेदनं दिलीत, फोटो काढलेत. पण प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक दिवस टेबल टाकून कोणी बसलं असतं, दाखले लिहून दिले असते, पाण्याच्या तक्रारी वहीत उतरवल्या असत्या, तर निवडून न येताही तो नगरसेवक झाला असता. जागा रिकामीच होती की.

हे जमतं का? सांगोल्याला जाऊन विचारा. गणपतराव देशमुख १९६२ साली पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. मंत्रिपदाची वर्षं थोडी, बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर. एसटीने फिरायचे. पक्ष लहान, शेतकरी कामगार पक्ष, झेंडा लाल, आणि शेवटपर्यंत तोच. त्यांची फाईल ‘सेव्ह ॲज’ करायची वेळ कुठल्याच छापखान्यावर आली नाही. विरोधी पक्षनेतेपदाला विधानसभेच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा लागतात असं म्हणतात; २०२४ च्या निकालात तुमच्यापैकी कुणालाच तेवढ्या मिळाल्या नाहीत, २०, १६ आणि १० अशी तुमची वाटणी झाली, म्हणून ते पद अडलं असं तुम्ही सांगता. पद मिळायला हवं, माझंही तेच म्हणणं आहे. पण गणपतरावांच्या मागे कधी २९ होते?

बरंच लिहिलं. आता कामाचं बोलतो.

पुढच्या निवडणुकीला अजून वेळ आहे, म्हणून आत्ताच सांगतोय. मला एक जाहीरनामा पाठवा ज्यात ‘सत्तेत आल्यावर’ हे शब्द एकदाही नाहीत. तुम्ही हरलात तरी जे करणार, किंवा कालपासूनच सुरू केलंय, तेवढंच लिहा. एका पानाचा झाला तरी चालेल. चार ओळींचाच झाला तर मोठ्या टायपात घेऊ, पान भरेल. घोषणापत्रावर सही वॉर्डातल्या पोराची नको, अध्यक्षांनी स्वतः करावी, आणि साक्षीला अशी दोन माणसं आणा जी तुम्हाला ओळखतात पण तुमच्या पक्षाची नाहीत. अशी दोन माणसं मिळायला किती वेळ लागतो त्यावरून तुमचं तुम्हालाच काय ते कळेल.

कागद माझ्याकडे पडून आहे, ७० जीएसएम मॅपलिथो, दोन रीम. मजुरी घेणार नाही. २०१९ ची बाकी मात्र घेईन. मशीनवर आमचा तोच मशीनमन असेल आणि घड्या मावशी घालतील. प्रूफ बघायला अध्यक्षांनी स्वतः यायचं. शुक्रवारी दुपारी एक ते अडीच मशीन बंद असतं, तेवढं सोडून कधीही या.

आपला,
एक मुद्रक,
सोलापूर